भाड्याच्या गाळ्यात तुम्ही केलेलं काम कुणाचं? किल्ली देण्याआधी वाचा

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखानदारांचा फोन आला. सहा वर्षं भाड्याने घेतलेला गाळा त्यांनी सोडला होता. शनिवारी संध्याकाळी मालकाच्या हातात किल्ली दिली, चहा झाला. सोमवारी टेम्पो घेऊन गेले, तर वॉचमन गेट उघडेना. आत त्यांची कॉम्प्रेसरची पाइपलाइन, अॅल्युमिनियम-काचेच्या दोन केबिन, लोखंडी पोटमाळा आणि तीन एसी. ‘‘वकीलसाहेब, बिलं माझ्या नावाची आहेत. अडवतात कसे?’’ मी एवढंच विचारलं, ‘‘किल्ली देताना सामानाबद्दल काही लिहून घेतलंत का?’’ पलीकडे शांतता.

‘ज्याचे पैसे त्याची वस्तू’ हा हिशेब घरात ठीक आहे, भाड्याच्या जागेत तो अर्धाच खरा. कॉलेज रोडला हॉटेल टाकणारे, गंगापूर रोडला दवाखाना थाटणारे, सातपूरला मशीन बसवणारे, सगळे फर्निचरवाल्याशी चार-चार बैठका करतात आणि करारनामा मात्र एजंटाच्या छापील नमुन्यावर, नाव-गाव-भाडं बदलून. त्या नमुन्यात सुधारणांबद्दल बहुधा एकच ओळ असते, आणि ती मालकाच्या बाजूची असते.

आधी हातातला कागद ओळखा

तुमचा करार भाडेपट्टा आहे की लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे जागा वापरायचा नुसता परवाना), यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे पाच वर्षांपर्यंतचे बहुतेक व्यवहार लीव्ह अँड लायसन्सवर होतात. त्याचं एक कारण मुद्रांक शुल्क. ६० महिन्यांपर्यंतच्या परवान्याला एकूण रकमेवर ०.२५ टक्के शुल्क लागतं. त्यापुढे गेलात की भाडेपट्ट्यासारखी मोजणी होते आणि आकडा बराच फुगतो.

भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ लागू होतं. त्यातलं ‘एच’ पोटकलम भाडेकरूच्या कामाचं आहे. जमिनीला किंवा इमारतीला जोडलेली स्वतःची वस्तू भाडेकरू काढून नेऊ शकतो, अगदी भाडेपट्टा संपल्यावरसुद्धा, पण ताबा त्याच्याकडे आहे तोवरच. ताबा सुटला की हा हक्क सुटला. शिवाय जागा जशी घेतली होती तशी परत करायची. अंबडच्या त्या गृहस्थांचं घोडं इथेच पेंड खात होतं. करार भाडेपट्ट्याचा, बिलं पक्की, पण किल्ली शनिवारीच गेलेली.

परवान्यावर असाल तर कलम १०८ तुमच्यासाठी नाही. तिथे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ लागतो. त्याच्या कलम ६३ नुसार परवाना रद्द झाल्यावर जागा सोडायला आणि जे सामान ठेवायची परवानगी होती ते हलवायला वाजवी मुदत मिळते. भिंतीत बसवलेल्या, छताला टांगलेल्या गोष्टींबद्दल कायद्याचं पाठबळ इथे पातळ आहे. म्हणून परवानाधारकाने करारात जास्त लिहून घ्यायला हवं; प्रत्यक्षात तोच कमी लिहून घेतो. (कागदावर ‘परवाना’ लिहिलं म्हणून तो परवाना ठरतोच असं नाही. न्यायालय शीर्षकापेक्षा व्यवहाराचं खरं स्वरूप बघतं. पण तो वाद जिंकायला वर्षं जातात, त्या भरवशावर राहू नका.)

कागद नोंदणीकृत आहे ना, हेही आत्ताच पाहा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार आणि लीव्ह अँड लायसन्स दोन्ही लेखी आणि नोंदणीकृत असायला हवेत आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोटरीकडे केलेल्या पाच वर्षांच्या करारात ‘फर्निचर भाडेकरूचं’ असं कितीही ठळक लिहा, नोंदणी नसल्याने ते कलम पुराव्यात टिकवताना नाकीनऊ येतात.

सामानाच्या तीन पाट्या करा

गाळ्यात काम सुरू करण्याआधी एक वही घ्या आणि प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका पाटीत टाका.

पहिल्या पाटीत सुटं सामान. टेबलं, रॅक, फ्रीझर, काउंटर, भट्टी, संगणक, इन्व्हर्टर. यावर वाद होत नाही आणि झालाच तर बिल पुरेसं असतं.

दुसरी पाटी खरी भांडणाची. एसी, फॉल्स सीलिंग, काचेचं पार्टिशन, चिमणी आणि डक्ट, नटबोल्टवर उभा केलेला पोटमाळा, इलेक्ट्रिक पॅनल, सोलर पॅनल, साइनबोर्ड, मशीनचा पाया. न्यायालयं इथे साधारण दोन गोष्टी बघतात: वस्तू किती आणि कशी जोडली आहे, आणि ती कशासाठी जोडली. इमारत कायमची चांगली व्हावी म्हणून की वस्तू नीट वापरता यावी म्हणून? २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर डांबर मिश्रणाच्या प्लांटचं प्रकरण आलं होतं. प्लांट दीड फूट खोल पायावर नटबोल्टने बसवला होता. थरथर होऊ नये म्हणून बोल्ट आवळले तर तेवढ्याने ती वस्तू जमिनीला कायमची जोडली जात नाही, असं न्यायालय म्हणालं. तो खटला उत्पादन शुल्काचा होता, भाड्याचा नव्हता. तरी सातपूर-अंबडमधल्या सीएनसी आणि पॉवर प्रेसवाल्यांना त्यातला तर्क कामाला येतो. उलट, मशीनसाठी ओतलेला काँक्रीटचा चौथरा मशीनबरोबर उचलता येत नाही. तो मागे राहतो, आणि तो फोडून फरशी सपाट करून देण्याचा खर्चही बहुधा तुमच्या डिपॉझिटमधूनच वळता होतो.

तिसऱ्या पाटीत जे काढलं तर मोडेल ते सगळं. विटांची भिंत, टाइल्स, कडाप्पा, प्लास्टर, भिंतीआड गेलेलं वायरिंग आणि नळजोडणी, वाढीव संडास, बोअर. (बोअरमधली मोटार तुमची, भोक जमिनीचं.) काढून नेण्याचा हक्क इथे कागदावर असला तरी हातात मलबाच येणार. आणि भाडेकरूंना धक्का बसतो तो पुढच्या गोष्टीचा: करारात लिहिलेलं नसेल तर मागे सोडलेल्या कामाचे पैसे मालकाने द्यावेत असं कलम १०८ कुठेही म्हणत नाही. न्यायचं तर न्या, सोडायचं तर सोडा, भरपाई नाही.

पक्क्या बांधकामाने जागाच जाऊ शकते

मेन रोड, सराफ बाजार, रविवार कारंजा या भागात जुने पागडीचे गाळे आहेत. भाडं नाममात्र, जागा लाखमोलाची. तिथे बांधकाम कुणाचं यापेक्षा मोठा प्रश्न, बांधकाम केल्यामुळे जागाच खाली करावी लागेल का, हा. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६(१)(ब) नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने पक्कं बांधकाम उभारलं, तर मालकाला जागा परत मागता येते. ‘तेव्हा आप्पांनी तोंडी हो म्हटलं होतं’ याला इथे किंमत नाही. आप्पा गेले, आता मुलगा दावा लावतो.

त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र पक्क्या बांधकामातून वगळलेल्या कामांची यादी आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी आवश्यक खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्टचं तोंड, धुराची चिमणी. जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती घेऊन ही कामं केली, तर ती पक्क्या बांधकामात धरली जात नाहीत. मिसळीचं दुकान चालवणाऱ्याने ही यादी छापून गल्ल्याच्या वर चिकटवावी. यादीत पोटमाळा नाही, हेही त्याच वेळी वाचावं. पोटमाळा पक्का की तात्पुरता, हे तो कसा बांधला, कोणतं साहित्य वापरलं आणि इमारतीला इजा न करता निघतो का, यावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये याच कसोट्या पुन्हा मांडल्या. भिंतीत गर्डर घुसवून वर स्लॅब टाकला तर अवघड. फरशीवर उभ्या लोखंडी खांबांचा, बोल्टचा सांगाडा असेल तर बाजू बरीच बळकट.

भाडे नियंत्रणाचा हा कायदा सगळ्यांना लागू नाही. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर कलम ३ नुसार त्या बाहेर. त्यांचं सगळं करार आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमावर चालतं.

मालकांसाठीही इथे दोन शब्द, कारण तेही माझेच अशील असतात. परवानाधारकाने परवान्याच्या आधारावर कायम स्वरूपाचं काम खर्च करून केलं, तर सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६०(बी) नुसार परवाना रद्द करता येत नाही असा बचाव तो घेऊ शकतो. म्हणून मालकाचे वकील ‘पक्कं बांधकाम करणार नाही, केल्यास त्यावरून कोणताही हक्क सांगणार नाही’ असं लिहितात. ते वाक्य वाचून भाडेकरूने रागावू नये. त्याच्याखाली आपल्या सामानाची यादी जोडून घ्यावी.

करारात नेमकं काय लिहायचं

‘भाडेकरूने केलेल्या सर्व सुधारणा मालकाच्या राहतील’ ही छापील ओळ कधीच तशीच सोडू नका. ‘सर्व’ या शब्दात तुमचा एसीसुद्धा बसतो. त्याऐवजी साधारण असा मजकूर ठेवता येतो:

‘परिशिष्ट अ मधील वस्तू परवानाधारकाने स्वखर्चाने बसविल्या असून, त्या जागेस जोडलेल्या असल्या तरी त्यांची मालकी परवानाधारकाचीच राहील. करार कोणत्याही कारणाने संपल्यास, ताबा देण्यापूर्वी किंवा ताबा दिल्यापासून १५ दिवसांच्या आत त्या काढून नेण्याचा परवानाधारकास हक्क राहील व त्यासाठी मालक जागेत प्रवेश देतील. परिशिष्ट ब मधील कामे जागेतच राहतील.’

‘ताबा दिल्यापासून १५ दिवस’ हे शब्द सोन्याचे आहेत. कलम १०८ ची सुरुवातच ‘करार किंवा स्थानिक रिवाज विरुद्ध नसेल तर’ अशी आहे, म्हणजे किल्लीनंतरची मुदत करारानेच मिळवता येते.

दुसरा मुद्दा भरपाईचा. समजा, तुम्ही ६० महिन्यांच्या करारावर परिशिष्ट ब मधल्या कामांवर, म्हणजे टाइल्स, वायरिंग, संडास यांवर ६ लाख घातले. मालकाने २४ महिन्यांनी जागा मागितली तर उरलेल्या ३६ महिन्यांच्या हिशेबाने ३ लाख ६० हजार परत, असं सूत्र आकड्यासह लिहा. मालक बहुधा आधी नाही म्हणतो. मग लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी मालकाने जागा मागायची नाही अशी अट, मागा; तोही नाही म्हणाला तर ६ लाखांचं काम करू नका, २ लाखांत भागवा. माझ्या अनुभवात भाडेकरू कायद्याने क्वचित बुडतो. समोरचा लिहून द्यायला तयार नसताना आपण मात्र इटालियन मार्बल लावतो, तिथे बुडतो.

फर्निचरच्या कामासाठी मालकाने दीड-दोन महिने भाडं माफ केलं असेल तर ते कशाबद्दल, हे लिहा. नाहीतर पुढे ‘तुझ्या कामाचा खर्च मीच भाड्यातून सोसला’ असा दावा येतो, आणि तो अगदीच पोकळ नसतो.

तिसरं, ‘जागा पूर्ववत करून देणे’. पूर्ववत म्हणजे कशासारखी? ताबा घेताना गाळा कोरा होता की आधीच्या भाडेकरूचं सीलिंग लटकत होतं? ताबा घेण्याच्या दिवशी व्हिडिओ काढा, दोघांच्या सहीची स्थितिदर्शक यादी करा, नेहमीची झीज वगळली आहे ना ते पाहा. दुसऱ्याचं जुनं सीलिंग काढायचा खर्च स्वतःच्या डिपॉझिटमधून देणारे लोक मी पाहिले आहेत.

मालकाच्या ‘हो’ने भागत नाही

सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत ज्याला आपण मालक म्हणतो तो बहुधा स्वतःच भाडेपट्टेदार असतो. जमीन एमआयडीसीची, पट्टा ९५ वर्षांचा. तुम्ही त्याचे पोटभाडेकरू. पोटभाड्याला एमआयडीसीची परवानगी लागते आणि बांधकामाचे नकाशेही तिथेच मंजूर होतात. मूळ पट्टेदाराकडे जेवढे हक्क, त्यापेक्षा जास्त तो तुम्हाला देऊ शकत नाही. म्हणून शेड वाढवायची तर त्याच्या पट्ट्याची प्रत आणि पोटभाड्याच्या परवानगीचं पत्र आधी मागा. दाखवायला टाळाटाळ झाली की तिथेच थांबा.

शहरात महापालिकेचा नगररचना विभाग आणि २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. हॉटेलासमोरच्या सामासिक अंतरात (नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत) पत्र्याचं शेड टाकून त्याची मालकी करारात लिहून घेणारे बहाद्दर आहेत. विनापरवाना बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस आली की ते कुणाचं, हा प्रश्न जेसीबी सोडवतो. २०२७ च्या सिंहस्थाकडे डोळे लावून पंचवटीत लॉज आणि उपाहारगृहं सजवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. व्यापारी संकुलात बाहेरची भिंत, गच्ची आणि डक्ट सामाईक असतात; एसीचं बाहेरचं युनिट आणि बोर्ड लावायला सोसायटी किंवा अपार्टमेंटचं पत्र वेगळं लागतं.

नुसती जमीन भाड्याने घेऊन वर इमारत बांधत असाल तर

इंग्लंडमध्ये जुना नियम होता: जमिनीवर जे रुजलं ते जमिनीचं. भारतीय न्यायालयांनी तो जसाच्या तसा कधी उचलला नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने १८६६ मध्येच त्याला नकार दिला होता. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईचं एक प्रकरण आलं. जमीन २१ वर्षांच्या पट्ट्यावर, इमारत भाडेकरूने बांधायची आणि मुदत संपल्यावर जमिनीसह मालकाला सोपवायची. न्यायालय म्हणालं, पट्टा जमिनीचाच होता; मुदतीपर्यंत इमारत भाडेकरूची आणि संपल्यावर कराराप्रमाणे जमीनमालकाची. म्हणजे जमीन एकाची आणि वरची इमारत दुसऱ्याची, हे आपल्याकडे चालतं.

इथे १०८ चं ‘पी’ पोटकलम विसरू नका: शेतीच्या कामाव्यतिरिक्त पक्कं बांधकाम मालकाच्या संमतीशिवाय करता येत नाही. संमती लेखी घ्या, नकाशाला मालकाची सही घ्या, आणि मुदतीअंती इमारतीचं काय, याचा एकच पर्याय स्पष्ट लिहा: फुकट सोपवायची, ठरलेल्या पद्धतीने मूल्यांकन करून पैसे घ्यायचे, की पाडून न्यायची. वेअरहाऊस आणि मंगल कार्यालयांच्या करारात हे कलम गुळमुळीत ठेवलेलं असतं. वीस वर्षांनी पुढच्या पिढीच्या गळ्यात तेच पडतं.

काम चालू असताना

प्रत्येक बिल जागेच्या पत्त्यासह तुमच्या व्यवसायाच्या नावाने घ्या, पैसे बँकेतून द्या. मशीन कर्जावर असेल तर बँकेला मालकाचं ना हरकत पत्र लागेल, आणि त्याच पत्रात ‘मशीनवर माझा हक्क नाही’ हे वाक्य घालून घ्या. एका दगडात दोन पक्षी. वीजभार वाढवताना मीटर मालकाच्या नावावर असेल तर सुरक्षा ठेवही त्याच नावावर दिसते. ती कुणी भरली, हे मालकाकडून एका ओळीच्या पत्रावर घ्या. विमा उतरवताना इमारत मालकाची आणि आतलं काम तुमचं, असं पॉलिसीत वेगवेगळं लिहिलेलं असावं. आग लागल्यावर सर्व्हेअर विचारतो तो पहिला प्रश्न ‘हे कुणाचं’ हाच असतो.

दुरुस्ती आणि सुधारणा यांचा घोळ करू नका. गळकं छत मालकाने दुरुस्त करायचं असेल आणि तो करत नसेल, तर भाडे नियंत्रण अधिनियमात किमान १५ दिवसांची नोटीस देऊन ते काम स्वतः करण्याची आणि खर्च भाड्यातून वळता करण्याची सोय आहे. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. त्या बिलात नवं सीलिंग घुसडलंत तर सगळंच संशयात येतं.

आयकराचा हिशेब आणखी वेगळा. जागा भाड्याची असली तरी तुम्ही केलेल्या भांडवली कामावर, ते जणू तुमच्या मालकीचं आहे असं धरून, घसारा मिळतो. १९६१ च्या कायद्यात ही तरतूद कलम ३२ च्या पहिल्या स्पष्टीकरणात होती. नव्या २०२५ च्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, म्हणून सीएला आकडा नको, तरतूद विचारा. पण ताळेबंदात घसारा घेतला म्हणजे भिंत तुमची झाली, असा युक्तिवाद मालकापुढे करू नका. कर कायद्याची मालकी फक्त कर मोजण्यापुरती.

सोडताना

दोन महिने आधी परिशिष्टाची यादी घेऊन मालकाबरोबर गाळ्यात फेरी मारा. काय नेणार, काय ठेवणार, ठेवलेल्याचे किती देणार, हे जागेवरच ठरवा आणि त्याच दिवशी ई-मेल किंवा व्हॉट्सअॅपवर कळवा. पुढचा भाडेकरू ठरला असेल तर त्याच्याशीही बोला; फॉल्स सीलिंग आणि वायरिंगला मालकापेक्षा तो बरे पैसे देतो. मालकाला सांगून आणि त्याच्या सहीने, इतकंच.

मग सामान काढा, भोकं बुजवा, रंग मारा, व्हिडिओ काढा. मालक डिपॉझिट द्यायला कुरकुर करत असेल तर ‘आधी किल्ली द्या, मग बघू’ याला बळी पडू नका. किल्ली आणि डिपॉझिटचा धनादेश एकाच टेबलावर. काही सामान मागे ठेवावं लागलं तर ताबा पावतीवर हाताने लिहून घ्या: ‘खालील सामान परवानाधारकाचे असून ते अमुक तारखेपर्यंत नेण्यास माझी हरकत नाही.’ खाली मालकाची सही, तारीख आणि दोन साक्षीदार.

अंबडच्या त्या गृहस्थांना शेवटी एसी आणि केबिन मिळाल्या, पोटमाळा नाही. नोटीस गेली, मालक वैतागला, पुतण्या मध्ये पडला आणि डिपॉझिटमधले चाळीस हजार सोडून मिटलं. पुढचा गाळा त्यांनी सातपूरला घेतला. करार करायला आले तेव्हा यादी हाताने लिहून आणली होती, अठ्ठावीस नोंदी, अगदी दारावरच्या बेलसकट.